मिनी ट्रॅक्टरच्या चाकात काय भरू? पाणी, मीठ की आणखी काही?

शनिवारचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. कळमेश्वरकडे आमचं साडेसहा एकर वावर आहे. चार एकरांत संत्रा, बाकीत कापूस-तूर. नोकरी नागपुरात असल्यामुळे माझी शेती शनिवार-रविवारची. गेल्या दिवाळीत २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर घेतला. मागचे टायर ८.३-२४, ट्यूबवाले. वजन पुस्तिकेप्रमाणे एक टनाच्या आसपास.

तक्रारी दोन आहेत. अंब्या बहारासाठी (संत्र्याचा एक हंगाम) बाग ताणावर सोडली, म्हणजे पाणी तोडलं, की मी पाच फणी कल्टिव्हेटर घालतो. चढाच्या तासाला (झाडांच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात) मागची चाकं नुसती गरगरतात. जमीन मुरमाड आहे, वरची ढेकळं गोट्यांसारखी सरकतात. डिझेल जळतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी कुथतो. दुसरी तक्रार ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची. त्याची तीनशे लिटरची टाकी मागे थ्री पॉइंटला (अवजारं लटकवायच्या जोडणीला) आहे. ती भरून धुरा (बांध) ओलांडायला गेलं की ट्रॅक्टर तोंड वर करतो. स्टिअरिंग फिरवलं काय, न फिरवलं काय, सारखंच.

दोन रात्री इंटरनेटवर वाचत बसलो. परदेशातले लोक वजन वाढवायला मागच्या चाकात द्रव भरतात. कोणी कॅल्शियम क्लोराइड म्हणतो, कोणी बीटचा रस, कोणी गाडीच्या काचेवर मारायचं निळं पाणी, कोणी अँटीफ्रीझ. साध्या पाण्याचं नाव कोणी घेत नाही, घेतलं तर बाकीचे त्याला वेड्यात काढतात. आता कॅल्शियम क्लोराइडची गोणी इतवारीत मिळेलही, पण भरायचं का? कोणी केलंय का आपल्याकडे?

ग्रीसगन

भाऊ, पाणी भरा आन् मोकये व्हा. बोअरचं भरा, विहिरीचं भरा. वीस वर्षं झाली चाकात पाणी भरून रायलो, पंचावन एचपीवाल्यायचे भरले, मिनीचेबी भरले. ते कॅल्शियम-फॅल्शियम सगळं बर्फवाल्यायचं काम हाय. आपल्या इथं काय बर्फ पडते का?

तिसरी_घंटा

२०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. पेपरात मोठे मथळे आले होते, मॉर्निंग वॉकवाले कानटोप्या शोधत होते. तरी शून्याच्या वरच. पाणी गोठायला अजून साडेतीन अंश बाकी होते.

वर्धा_रोड

थंडीचं सोडा, उन्हाळ्याचं काय? २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश झालं होतं. चाकातलं पाणी तापून ट्यूब फुटणार नाही का? (खरंच विचारतोय, हसू नका.)

ग्रीसगन

हसत नाय भाऊ. पाणी शंभरले उकयते, चाक सत्तरले गेलं तरी पाणी पाणीच रायते. पण चाक गच्च भरायचं नाय. चार हिस्से धरले तं तीन पाणी, एक हवा. ते हवा म्हंजे चाकाची गादी. गच्च भरलं तं गोट्यावरून जाताना दणका सरळ ट्यूबले आन् रिंगले बसते, तवा फुटते. उन्हानं नाय.

मिनेसोटाकर

मूळचा धरमपेठेचा, आता इथे मिनेसोटात. माझ्याकडेही २५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

तुम्ही जे वाचलंत ते चुकीचं नाही, फक्त ते आमच्या अडचणीचं उत्तर आहे. इथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. साधं पाणी भरलं तर डिसेंबरात टायरच्या आत बर्फाची लादी तयार होते आणि चाक फिरलं की ती धपाधप आदळते. म्हणून आम्ही पाण्यात काहीतरी घालतो किंवा पाण्याऐवजी दुसरं काहीतरी भरतो.

कॅल्शियम क्लोराइड सर्वांत जुनं. लिटरभर पाण्यात चारशे-साडेचारशे ग्रॅम विरघळवलं की इथली थंडीही त्याला गोठवत नाही, आणि पाण्यापेक्षा ते साधारण वीस टक्के जड होतं. पण लोखंडाचं ते वैरी आहे. ट्यूबला टाचणीएवढं भोक पडलं तरी दोन-तीन वर्षांत रिम चाळणी होते. माझ्या ट्रॅक्टरच्या आधीच्या मालकाने तेच भरलं होतं, म्हणून मला माहीत.

बीटचा रस म्हणजे साखरेच्या बीटमधून साखर काढल्यावर उरणारा काळा पाक. इथे तो रिम गार्ड या नावाने मिळतो. पाण्यापेक्षा तीस टक्के जड, गंजवत नाही, पण महाग आणि भरून देणारा डीलर जवळ हवा. काचेच्या निळ्या पाण्यात मिथेनॉल असतं, त्यामुळे ते साध्या पाण्याहून हलकंच. लोक ते घेतात कारण थंडीच्या हंगामानंतर सवलतीत मिळतं, बाकी काही गुण नाही. राहिलं अँटीफ्रीझ. नेहमीचं इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी आणि चवीला गोड. गळालं आणि कुत्र्याने चाटलं तर त्याची किडनी जाते. तुमच्या वावरात कुत्री, वासरं असतीलच, तेव्हा त्याचा विचारसुद्धा नको.

आणखी एक फरक आहे. इथल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर असतो. मी बर्फ उचलतो, माती उचलतो, सगळं वजन पुढे. त्यामुळे मागची बाजू हलकी होते आणि ती दाबून ठेवायला आम्ही मागच्या चाकात द्रव भरतो. तुमचं सगळं वजन मागे लटकतंय. म्हणजे तुमची दुसरी तक्रार आमच्या तक्रारीच्या बरोबर उलटी आहे.

शनिवारचा_शेतकरी

हे शेवटचं वाक्य वाचून चपापलो. म्हणजे मागच्या चाकात पाणी भरलं तर ब्लोअरचं दुखणं वाढेल?

जुनी_बंडी

वाढणारबी नाही आणि कमीबी होणार नाही. तुम्ही बंडी हाकली आहे का कधी? कडब्याच्या पेंढ्या मागे जास्त पडल्या की बंडी उलार होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं. तेव्हा बंडीच्या चाकात शिसं ओतलं तर उलार जाईल का? धुरकऱ्याने पुढे सरकून धुरीवर बसावं लागते, नाहीतर माल पुढे ओढावा लागते. ट्रॅक्टरचंबी तेच. चाकातलं वजन चाकाखालीच जाते, पुढे एक छटाक येत नाही.

आमच्या वडिलांनी उलार बंडी नाल्यात घातली होती, दोन्ही बैल गळफासातून वाचले. तेव्हापासून घरात हा धडा पाठ आहे.

पाटी_पेन्सिल

जुनी_बंडी आजोबांनी सांगितलं ते आकड्यांत मांडतो. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या पुस्तिकेतून दुरुस्त करून घ्या.

ट्रॅक्टर १००० किलो धरा, त्यातले ४०० पुढच्या एक्सलवर. दोन एक्सलमधलं अंतर दीड मीटर. ब्लोअर भरल्यावर ४५० किलो आणि त्याचा भार मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे. म्हणजे पुढच्या एक्सलवरून ४५० × १ ÷ १.५ = ३०० किलो उचलले गेले. उरले १००. स्टिअरिंग ताब्यात राहायचं तर पुढे निदान ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० किलो, असावा असा सर्वमान्य ठोकताळा आहे. तुमच्याकडे त्याच्या अर्धाच आहे. तोही सपाट जमिनीवर. धुऱ्यावर चढताना आणखी कमी.

मागच्या चाकांत १२० किलो पाणी भरलं तर या हिशोबात शून्याची भर पडते, कारण ते एक्सलच्या बरोबर भोवती आहे.

आता पुढे बंपरवर, पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे, ७५ किलोची लोखंडी वजनं लावली तर तरफेमुळे पुढच्या एक्सलला ती १०० किलोसारखी लागतात. झाले २०० पूर्ण. किंवा टाकी अर्धीच भरा, १५० किलो कमी झाले की पुढे तेवढेच १०० परत येतात. वजन लावायला पैसे लागतात, टाकी अर्धी ठेवायला फेऱ्या लागतात.

वर्धा_रोड

पुढच्या चाकांतच पाणी भरलं तर? फोर व्हील आहे ना.

पाटी_पेन्सिल

चालेल. ते वजन पूर्णच्या पूर्ण पुढच्या एक्सलच्या हिशोबात येतं. पण पुढचा टायर लहान, त्यात बादली-सव्वा बादलीच मावते. दोन्ही मिळून ३०-३५ किलो. मदत होईल, काम भागणार नाही.

काटोलवाला

आमच्या इकडे एकाने पुढे सिमेंटचा ठोकळा बांधला होता, त्यात जुनी स्प्रिंगपट्टी पुरून. दिसायला भयंकर, पण तीन वर्षं टिकला. रेतीची पोती बांधणारेही पाहिले. पोती बांधू नका, एका खड्ड्यात दोरी तुटून पोतं रेडिएटरसमोर लोंबत होतं.

मला वेगळंच विचारायचं आहे. चाकात मीठ का नाही घालायचं? किराणा दुकानातलं नको, जाडं मीठ. स्वस्त आहे, पाणी जड होतं. आमच्याकडे एक जण सांगत होता.

मृदगंध

मातीशी माझा कामाचा संबंध आहे, म्हणून काटोलवाल्यांना जरा सविस्तर उत्तर देतो.

८.३-२४ च्या टायरमध्ये पाऊण भरलं तर साठेक लिटर मावतं. साधं पाणी असेल तर ६० किलो. मिठाचं अगदी संपृक्त पाणी केलं तर ७२. म्हणजे कमाई एका चाकामागे १२ किलो. आणि त्यासाठी एका चाकात १८-१९ किलो मीठ जाणार. कॅल्शियम क्लोराइडने १५ किलोपर्यंत जास्त मिळतील, त्यात एका चाकाला वीसेक किलो रसायन.

आता कल्पना करा, बाभळीचा काटा लागला आणि ते चाक संत्र्याच्या झाडाच्या बुडाशी रिकामं झालं. लिंबूवर्गीय झाडं क्लोराइडच्या बाबतीत अतिशय नाजूक असतात. आधी पानांची टोकं जळतात, मग पानगळ. त्यांची खाणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, नेमकं जिथे ते पाणी मुरणार. बारा किलो वजनासाठी वीस वर्षांचं झाड पणाला लावायचं? बारा किलोची लोखंडी चकती चाकाला बोल्टने लावा आणि विसरा. शंका असेल तर अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहेच, तिथे जाऊन क्षाराबद्दल विचारा. ते पाण्याची ईसी (क्षारांचं माप) विचारतील, ट्रॅक्टरचं नंतर.

मला साध्या पाण्याबद्दलही एक कुरकूर नोंदवायची आहे. पाणी भरलं की ते बाराही महिने चाकात राहतं. हिवाळ्यात ताणावरच्या कोरड्या जमिनीत ते हवंच. पण जुलैत काळ्या मातीत वाफसा यायच्या (माती मशागतीजोगी सुकायच्या) आधी तुम्ही तेच जड चाक तूर-कापसात घातलं तर माती विटेसारखी दाबली जाते. बागेत तर दर वेळी त्याच दोन तासांवरून चाक जातं. बोल्टची वजनं पावसाळ्यात काढून ठेवता येतात, पाणी कोणी काढत नाही. म्हणून मी लोखंडाच्या बाजूचा.

ग्रीसगन

साहेब बरोबर हाय, पण लोखंडाचे पैसे कोण देते? पाणी फुकट हाय. आन् वाफसा यायच्या आधी वावरात ट्रॅक्टर घालूच नाय, मंग चाकात पाणी असो का हवा असो.

मृदगंध

घालू नये हे मान्य. पण "घालू नाय" म्हणणारे सगळे जुलैत वावरातच दिसतात हो.

मौद्याचा_धान

आमच्याकडे पाणी भरत नाही, भरलेलं असलं तर काढतो. चिखलणीला केज व्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायचं तर ट्रॅक्टर जेवढा हलका तेवढा बरा, नाहीतर बुडून बसतो. मौदा, रामटेक, भंडाऱ्याकडचं कोणी हा धागा वाचत असेल तर हे सगळं संत्र्यावाल्यांसाठी आहे असं समजा.

डिझेलधूर

मीठ नको, क्लोराइड नको, मग मळी भरा की. बीटचा रस चालतो तर उसाची मळी का नाही? पाण्यापेक्षा चाळीस टक्के जड असते, आणि महाराष्ट्रात साखर कारखान्यांची कमी नाही. :)

मिनेसोटाकर

हाहा. इथल्या पाकातून साखर बरीचशी काढून घेतलेली असते. मळीत साखर उरते, ती आंबते. आंबली की गॅस. टायरमध्ये गॅस म्हणजे...

डिझेलधूर

म्हणजे हवा भरायची गरज नाही!

तिसरी_घंटा

आणि मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. चाकात मळी भरून कळमना मार्केटला गेलात आणि नाक्यावर पंक्चर झालं, तर हवालदाराला काय सांगाल? मुंग्यांना काय सांगाल?

शनिवारचा_शेतकरी

थोडं मूळ मुद्द्यावर येऊ या. ब्लोअरसाठी पुढे वजन, हे पटलं. कल्टिव्हेटरसाठी मागच्या चाकात साधं पाणी. पण पाण्याने खरंच फरक पडतोय का हे कसं कळणार? "बरं वाटतंय" यावर माझा विश्वास नाही, मी हिशोबातला माणूस आहे.

पाटी_पेन्सिल

सोपं आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा. आधी कल्टिव्हेटर उचलून त्याच तासात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत जा आणि अंतर मोजा. मग कल्टिव्हेटर नेहमीच्या खोलीवर टाकून पुन्हा दहा फेरे. पहिल्या अंतरापेक्षा दुसरं जितके टक्के कमी, तितकी चाकाची घसर. दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. पंचवीसला गेली तर तुम्ही डिझेल देऊन टायर घासताय. आणि हे लोक विसरतात: दोन-चार टक्क्यांवर आली तरी ते चांगलं नाही. मग ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झालाय, स्वतःचंच वजन ओढतोय, आणि ताण गिअरबॉक्सवर जातोय. थोडी घसर ही ट्रॅक्टरची सेफ्टी पिन आहे.

जुनी_बंडी

चाक थोडं फिरलं पाहिजे. आमचा बैलबी अडलं की जरा दम घेत होता.

शनिवारचा_शेतकरी

आज मोजलं. उचलून दहा फेऱ्यांत ३० मीटर. टाकून, चढाच्या तासाला, २३.४ मीटर. म्हणजे २२ टक्के. वाटत होतं त्याहून वाईट निघालं. ग्रीसगनभाऊ, आता पाणी भरायची रीत सांगा. गावातल्या पंक्चरवाल्याने हात वर केले, म्हणे पाण्याच्या चाकाचं पंक्चर मी काढत नाही, कपडे खराब होतात.

ग्रीसगन

त्याचं खरं हाय बाप्पा, पाण्याचं चाक खोलणं म्हंजे आंघोयच. नीट सांगतो, वाचून घ्या.

सपाट जागा पाहा. पुढच्या चाकाले दोनी बाजूनं गोटे नायतं ठोकये लावा, हँडब्रेक ओढा. मागचं एक चाक जॅकनं उचला, जमिनीपासून दोन बोटं. आन् एक्सलखाली लाकडाचा पक्का ठोकया सरकवा. जॅकच्या भरोशावर खाली हात घालायचा नाय, हे दोनदा सांगतो.

मंग चाक फिरवून वॉल (हवा भराचं तोंड) वर आणा, घड्यायात बारा वाजतात तिथं. वॉलची पिन काढा, हवा जाऊ द्या. चाक उचललेलं हाय म्हणून टायर दबत नाय. मागच्या ट्यूबले बहुतेक टीआर २१८ए वॉल असते, ते पाणी-हवा दोन्हीसाठीच हाय. त्याले लागणारा पाण्याचा अ‍ॅडॅप्टर ट्रॅक्टरच्या स्पेअरवाल्याकडं मिळते. त्याले बाजूनं हवा सोडायचं बारीक भोक असते.

पाणी कुठून? गच्चीवरच्या टाकीतून नळी आणा. आठ-दहा फुटाचा उतार असला का पाणी आपसूक जाते. हयू जाते, पण जाते. आन् हे ध्यानात ठेवा: फवारणीचा एचटीपी पंप चाकाले लावायचा नाय. त्याचा दाब टायरच्या कितीक पट असते, ट्यूब फाटून तोंडावर येईन. एका पोट्ट्यानं केलं होतं असं. पोट्टा वाचला, टायर नाय.

भरताना मदी-मदी थांबा, भोकातून हवा सोडा, मंग पुन्ना पाणी. वॉलपर्यंत पाणी आलं का भोकातून पाणीच येते. बस, झालं. तेवढं म्हंजे बारा आण्याचं भरलं. अ‍ॅडॅप्टर काढा, पिन लावा, आन् वरच्या चार आण्यात हवा भरा, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जितकी लिहिली तितकी. हवा पाहाची तं वॉल वर आणूनच पाहा, नायतं गेजमदी पाणी जाते आन् गेज मरते.

दुसऱ्या चाकातबी तितकंच भरा. एकात कमी एकात जास्त झालं तं ट्रॅक्टर एका बाजूले ओढते.

आन् आता हवा दर पंधरा दिवसाले पाहा. आधी चाकभर हवा होती, थोडी गेली तं समजत नव्हतं. आता हवाच थोडी, तं थोडी गेली का चाक लवकर बसते.

मिनेसोटाकर

फार नेमकं लिहिलंत. दोन बारीक भरी घालतो. चाक पुढेमागे उतरवायची वेळ आली तर एकट्याने हात लावू नका, साठ किलो पाणी अधिक टायर अधिक रिम. ते कलंडलं तर पाय गेला. आणि टायर रेडियल असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय पाऊण भरू नका, रेडियलची बाजू लवचीक राहिली तरच तो चांगला चालतो. तुमचे साधे असतील तर प्रश्न नाही.

वर्धा_रोड

पाणी काढायचं असलं तर?

ग्रीसगन

वॉल खाली आणा, सहा वाजता. पिन काढा. जितकं येईन तितकं येईन, थोडंसं तळाशी रायते. ते काढाले बारीक नळी आत घालून वरून हवा मारा लागते. पूर्ण काढून काय करता, राहू द्या थोडं.

संत्राबर्फी

विषयांतराबद्दल माफी. कळमेश्वरकडे यंदा अंब्या कसा आहे? भाव काय निघेल?

तिसरी_घंटा

भावाचा वेगळा धागा आहे. तिथेही लोक असेच भांडतायत.

काटोलवाला

मीठवाल्याने मीठ मागे घेतलं बरं का. :) मृदगंध सरांचा झाडाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. शेजाऱ्याच्या चाकात मीठच आहे, दोन वर्षांपासून, आणि तो माझ्याच धुऱ्यावरून वळतो. आता रोज त्याचं टायर पाहतो.

एक विचारू का, पाणी भरल्यावर रस्त्यावर काय फरक? मी ट्रॉली घेऊन कळमन्याला जातो.

डिझेलधूर

फरक पडतो. शंभर-सव्वाशे किलो ब्रेकला जास्त थांबवावे लागतात, ट्रॉलीचा रेटा वेगळाच. पाणी आत हलत असतं, त्यामुळे वेगात चाक थोडं उड्या मारल्यासारखं वाटतं. मिनी ट्रॅक्टरने ट्रॉली घेऊन घाट उतरायचा नसतो हे पाण्याआधीही खरं होतं. फक्त बागेत वापरत असाल तर काही नाही. रोज रस्त्यावर असाल तर मृदगंधांचं ऐका, बोल्टची वजनं घ्या.

बाजूला कलंडायची भीती असेल, उताराची बाग असेल, तर आधी मागच्या रिम उलट्या लावून चाकांमधलं अंतर वाढवता येतंय का पाहा. पैसे लागत नाहीत, आणि कलंडण्यावर त्याचा परिणाम पाण्यापेक्षा जास्त. संत्र्याच्या अठरा-वीस फुटी तासात तेवढी जागा असते.

शनिवारचा_शेतकरी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. हिशोब देतो.

पाणी भरलं. बादलीने मोजून गच्चीच्या टाकीत ओतलं, म्हणून आकडा पक्का: एका चाकात पंधरा लिटरच्या चार बादल्या, वर तांब्याभर. दोन्ही चाकांना मिळून सकाळचे नऊ ते दुपारचे एक. बाबा खाटेवर बसून सूचना देत होते, त्यात अर्धा तास गेला असेल.

त्याच तासात, त्याच कल्टिव्हेटरने, त्याच खोलीवर पुन्हा मोजलं. दहा फेऱ्यांत २६.१ मीटर. म्हणजे २२ वरून १३ टक्क्यांवर. पूर्वी जिथे दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं तो चढ तिसऱ्यात निघतो. डिझेलचा हिशोब महिनाभर ठेवून मग लिहीन, आत्ताच काही म्हणत नाही.

पुढे बंपरला वीस किलोच्या चार चकत्या लावल्या. एक जुना वेल्डर ओळखीचा निघाला, ब्रॅकेट त्याने करून दिलं. तरी पूर्ण टाकी घेऊन धुरा ओलांडताना धीर होत नाही, म्हणून दोनशे लिटरवरच थांबतो. फेऱ्या वाढल्या, पण स्टिअरिंग आता माझं ऐकतं. बाबांना उलार बंडीची गोष्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, यात नवीन काय, मी तुला ट्रॅक्टर घेतानाच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं.

मृदगंध सर, पावसाळ्याचं तुमचं म्हणणं डोक्यात आहे. कापसाच्या अडीच एकरात वाफसा आल्याशिवाय हा ट्रॅक्टर उतरणार नाही. डवरणीला शेजारच्यांची बैलजोडी सांगून ठेवली आहे.

आता एक नवीन. डाव्या चाकाच्या वॉलपाशी सकाळी ओल दिसते. हवा चार दिवसांत थोडी उतरली. ट्यूब गेली का?

ग्रीसगन

ट्यूब नाय भाऊ. पिन ढिली असन नायतं पिनचं रबर गेलं. बोअरचं पाणी भरलं ना? त्याचा चुना पिनले चिकटते. वॉल वर आणा, पिन बदलवा, वर टोपी लावा. लोखंडाची टोपी, प्लास्टिकची नाय. पिन दहा-वीस रुपयाची वस्तू हाय, दोन आणून ठेवा.

मृदगंध

आणि ओल आहे तिथे बोटाने चव घेऊन पाहा. खारट लागलं तर शेजाऱ्याने तुमचंच चाक भरलंय.

काटोलवाला

:)